मागचा आरसा

सोमवारी दुकान बंद असतं.
शटर अर्धं वर. आत तुरटीचा, स्पिरिटचा वास.
अण्णा गिऱ्हाइकासारखे खुर्चीत बसलेत,
मी उभी, हातात त्यांची बॅटरी.
'आता सांग. नऊ वर्सं तिथं काय करतीयास?
लोक इचारत्यात. मी म्हनतो, उजेडाचं काम हाय.'

उजेडाचंच आहे, अण्णा.
पुढे आरसा, मागे आरसा, मध्ये तुम्ही.
बघा, किती शिवदास काशीद बसलेत ओळीनं,
चावडी चौकापासून पार ओगलेवाडीपर्यंत,
प्रत्येक जण आधीच्याहून थोडा हिरवट, थोडा दमलेला.

माझे आरसे याहून जवळ.
एक केस घ्या, उभा चिरा, शंभर वेळा,
त्यातल्या एका चिरेएवढी फट.
उजेड त्यात सापडला की येरझाऱ्या घालतो.

'आन मधी कोन बसतं?'

एक चकती. गॅलियम आणि आर्सेनिक.
उजेड लागला की तिच्यातला इलेक्ट्रॉन उठून जातो,
मागे त्याची जागा रिकामी.
ती रिकामी जागाही चालते, अण्णा,
उठून गेलेल्याच्या ओढीनं.

'खुर्ची गिऱ्हाइकामागं?'

खुर्ची गिऱ्हाइकामागं.
ती जोडी विझते, उजेड होतो,
उजेड आरशावरून परततो, पुन्हा जोडी होते,
इतक्या घाईनं, इतक्या वेळा,
की आत्ता काय आहे, उजेड की वस्तू,
हे विचारण्यात अर्थ नाही.
आपल्या संगमावर कृष्णा आणि कोयना
समोरासमोर धडकतात, दोघी एकदम पूर्वेला वळतात.
पुढे जाऊन तांब्या भरा. सांगा कुणाचं पाणी.

'कृष्णेचं,' अण्णा म्हणाले. 'नाव तिचंच लागतंय.'

आमच्याकडे तिसरंच नाव लागतं. पोलॅरिटॉन.

हेलियमच्या गारठ्यात ती चकती ठेवायची,
लेझर वाढवत न्यायचा, सुईच्या टोकाएवढा, आणखी एवढा.
आधी ज्याची त्याची चाल.
मग एका आकड्यापाशी
सगळे एका पावलावर.

'कशानं?'

जिथे जास्त जमलेत तिथेच पुढचा येतो.

'हे मला शिकिवतीस व्हय?
एका दिवाळीला बाकावर बारा जन,
समोर तुकाराम साळव्याचं दुकान मोकळं,
तेरावा आला तो हितंच!'

पण माझ्याकडे बारा जण बारा राहत नाहीत.
कुणाचा नंबर कितवा, सांगता येत नाही.
एकच लाट, तिच्यात सगळ्यांची नावं पुसलेली.

'आन टिकतं किती?'

हे विचारतील असं वाटलंच होतं.
सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा.
त्यातले दहा. फार तर वीस.

अण्णांनी वस्तऱ्याच्या पात्याकडे पाहिलं.
'मग मरतं?'

निसटतं. कुठलाच आरसा पुरता घट्ट नसतो.
निसटून बाहेर येतं त्यालाच मी पडद्यावर धरते.
आतलं मी कधी पाहिलेलं नाही.
जाणारं जाताना जे सांगतं, तेवढंच माझं काम.

पडद्यावर पहिल्यांदा पट्टे उमटले,
काळा, उजळ, काळा, उजळ,
तेव्हा रात्रीचे पावणेतीन. मी तुम्हाला फोन लावला.
तुम्ही झोपेत विचारलंत, 'पोचलीस का?'
मी हो म्हटलं.

अण्णा उठले. खुर्ची जराशी फिरून थांबली.
'हा मागला काढून टीव्ही लावायचा म्हनत होतो.
मलकापूरचा मानूस मापं घिऊन गेलाय.'
जुन्या पेपरचा बोळा करून
ते काच पुसू लागले, वरपासून,
मग बॅटरी माझ्या हातून घेतली
आणि पारा उडालेल्या कोपऱ्यावर टेकवली.
आरशामागं चुन्याच्या भिंतीवर
पिवळं काहीतरी हललं.

'हितनं जातो व्हय?'

व्हय, अण्णा. हितनंच.